तेले व वसा : संरचनाविषयक ज्ञानाचा इतिहास

प्राणी व वनस्पती यांपासून मिळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या व स्पर्शास ओशट लागणाऱ्या या पदार्थांपैकी सामान्य तापमानास द्रव असणाऱ्यांस तेले व घन असणाऱ्यांस वसा म्हणतात. खोबरेल तेल थंडीत गोठते. म्हणजे हा भेद काटेकोर नाही. दोहोंची मूलभूत संरचना एकच आहे. साबणासाठी त्यांचा उपयोग प्राचीन काळापासून होत असला, तरी ही संरचना उलगडण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७९ च्या सुमारास ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडाबरोबर तापवून एक गोड द्रव मिळविला. हेच ग्लिसरॉल होय. मात्र साबण म्हणजे वसा व अल्कली यांचा साधा संयोग, हा समज कायम राहिला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्हरल यांनी १८११ मध्ये डुकराची चरबी व पोटॅश यांच्या साबणाचे विश्लेषण हाती घेतले. साबणावर अम्लाची विक्रिया करून त्यांनी वसाम्ले वेगळी केली व त्यांची शुद्धता वितळबिंदूवरून पारखली. वसाम्ले व ग्लिसरॉल यांचे एकत्रित वजन मूळ वसेहून अधिक भरले. साबणीकरणात पाण्याचे घटक सामावले जातात, असा याचा अर्थ होता. हे संशोधन त्यांनी १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

याची उलट बाजूने सिद्धता मार्सलँ बेर्तलो यांनी १८५४ मध्ये दिली. ग्लिसरॉल व वसाम्ले बंद नळीत तापवून त्यांनी वसा तयार केल्या. ग्लिसरॉलाच्या एका रेणूशी वसाम्लाचे एक, दोन किंवा तीन रेणू संयोग पावतात, असे त्यांना आढळले. नैसर्गिक तेले व वसा मुख्यतः तिसऱ्या प्रकारची, म्हणजे ट्रायग्लिसराइडे असतात.

घनता व द्रवता वसाम्लांच्या शृंखलेवर अवलंबून असते. स्टिअरिक व ओलेइक या दोन्ही अम्लांत १८ कार्बन अणू असतात. परंतु पहिले सु. ६९° से. ला, तर दुसरे सु. १३° से. ला वितळते. ओलेइक अम्लातील एका द्विबंधामुळे शृंखलेस बाक येतो व रेणू एकमेकांस घट्ट चिकटून बसत नाहीत.

निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने द्विबंधास हायड्रोजन जोडून तेल घट्ट करण्याचे एकस्व (पेटंट) जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतले. त्यातून वनस्पती तुपाचा उद्योग उभा राहिला; मुंबईत शिवडी येथे १९३० नंतरच्या दशकात त्याचा कारखाना निघाला. तथापि हायड्रोजनीकरण अपुरे राहिल्यास काही द्विबंधांची रचना पालटून ते विपक्ष म्हणजेच ट्रान्स प्रकारचे होतात. अशी शृंखला बरीच सरळ असते. त्यामुळे ओलेइक अम्लाचे विपक्ष रूप सु. ४५° से. ला वितळते. हा घट्टपणा उत्पादकांना सोयीचा होता. पण अशी वसाम्ले रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक घटवितात, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगांत दिसून आले. भारतात तेले व वसा यांतील औद्योगिक विपक्ष वसाम्लांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली. जो द्विबंध तेलाला द्रव ठेवतो, त्याच्या रचनेतील एवढासा पालट लक्षावधी लोकांच्या आहारात जाऊन पोहोचला आणि त्याचे परिणाम समजण्यास जवळजवळ नऊ दशके लागली.