मूक नायकाचे आख्यान

श्रीरामपुरात नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीला मारिओ ठाऊक होता तो केवळ धावणारा आणि उड्या मारणारा. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानात १९८३ साली आले, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली. आमच्यापर्यंत पोहोचल्या त्या या यंत्राच्या स्वस्त नकला. टीव्हीला जोडायचे ते ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात खुपसायची ती ‘कॅसेट’. वीज गेली की सारा पराक्रम पुसला जाई आणि राजकन्या पुन्हा कैदेत जाई. (वीज जायला आमच्याकडे निमित्त लागत नसे.)

याच मारिओला घेऊन ‘स्क्वेअर’ या जपानी संस्थेने निन्टेन्डोसाठी ‘सुपर मारिओ आरपीजी’ रचला. तो मार्च १९९६ मध्ये जपानात आणि मे महिन्यात अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ‘फायनल फँटसी’सारखी प्रदीर्घ आख्याने रचणाऱ्यांच्या हाती उड्या मारणारा नायक पडला, आणि त्यांनी पहिला घाव घातला तो कथेच्या शेवटावर. बाउझरच्या किल्ल्यातून राजकन्येची सुटका, म्हणजे एरवीची फलश्रुती, येथे आरंभीच उरकते. मग आकाशातून एक प्रचंड तलवार किल्ल्यात घुसते आणि तिघेही तीन दिशांना फेकले जातात. बेघर झालेला खलनायक पुढे नायकाच्याच सोबतीला येतो.

मात्र मला अधिक मोलाचे वाटते ते मारिओचे मौन. इतर पात्रे भरभरून बोलतात. हा घडलेली हकीकत सांगतो ती सोंगे घेऊन. क्षणात राजकन्या होतो, क्षणात बाउझर. आपल्या बहुरूप्याला ही निवेदनरीती परकी वाटली नसती. लढाईत पाळीपाळीने वार होतात, पण वाराच्या नेमक्या क्षणी बटन दाबले तर तो अधिक लागतो. उडीचे जुने कसब असे आख्यानाच्या लयीत मुरवले आहे.

हा खेळ आमच्या गावी येणे शक्यच नव्हते. तो होता १६ बिटांच्या यंत्राचा आणि आमच्या नकला होत्या ८ बिटांच्या. शिवाय असे आख्यान एका बैठकीत संपत नाही. आज सोडलेला धागा उद्या उचलता यावा म्हणून अस्सल कॅसेटमध्ये स्मृती जपणारी बॅटरी असे. आमच्या ‘अनेक खेळ एकात’ कॅसेटींत ती नव्हती. म्हणजे अडसर केवळ इंग्रजी संवादांचा नव्हता. ‘क्रमशः’ हा शब्द आम्हाला मासिकांतून परिचित होता. पडद्यावर मात्र प्रत्येक संध्याकाळ पहिल्या पानापासून सुरू होई.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच खेळाची नवी आवृत्ती ‘स्विच’ या यंत्रावर आली. परिचयातल्या एका विद्यार्थ्याकडे ती पाहिली. किल्ल्यावर तलवार कोसळली तेव्हा त्याला त्यात काही नवल वाटले नाही. मी मात्र क्षणभर दिवे गेले असेच समजलो.