ऑनलाइन पैठणी घेताय? आधी विकणारा तपासा, मग साडी

लग्नसराई जवळ आली की इन्स्टाग्रामवर 'येवल्याची प्युअर हातमाग पैठणी, फक्त १,४९९' अशा जाहिराती दिसू लागतात. यावलमध्ये बसून येवल्याची साडी मागवताना कापड हातात घेता येत नाही. फोटो तर कुणीही कुणाचाही उचलू शकतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी एवढं करा.

१. किंमत बघा
हातमागावर एक पैठणी विणायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. ती दीड हजारात मिळणं शक्यच नाही. त्या किमतीत 'सेमी पैठणी' येते. तीही घ्यायला हरकत नाही, पण सेमी म्हणूनच घ्या.

२. विकणारा तपासा
प्रोफाइलवरच्या तीन टिंबांमध्ये 'अबाउट धिस अकाउंट' उघडा. खातं कधी सुरू झालं ते कळतं. साडीचा फोटो गुगल लेन्सवर टाका. तोच फोटो दहा पेजवर दिसला तर सावध व्हा. जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही तो शोधता येतो. तिथलं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव जुळतंय का बघा. लहान विणकराकडे हा नंबर नसूही शकतो. मग पूर्ण पत्ता घ्या.

३. व्हिडिओ कॉल करा
साडी उलटी करून दाखवायला सांगा. हातमागाच्या पैठणीचे काठ-पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखेच दिसतात. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती बहुधा यंत्रमागाची. 'सिल्क मार्क' रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही. त्यासाठी 'हॅण्डलूम मार्क' वेगळा असतो.

४. पैसे जपून द्या
कॅश ऑन डिलिव्हरीतही बहुतेकदा पैसे दिल्यावरच पार्सल उघडता येतं. उघडताना सलग व्हिडिओ काढा. आणि रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, तुमच्या खात्यातून पैसे जाणार.

५. फसलातच तर
लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० वर फोन करा. व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. दुकान खरं, पण माल वेगळा आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

साडी खूपच महागाची असेल, तर भुसावळहून रेल्वेने मनमाड गाठा. तिथून येवला जवळच आहे.