टाकसाळ-संचांतील नाणेप्रभेदांचा शोध

टाकसाळीने एका वर्षी पाडलेली नाणी मोहोरबंद करून संग्राहकांना विकलेल्या जुन्या संचांतून, ठशातील बारीक फरकामुळे वेगळी ठरणारी नाणी हुडकण्याची नाणेसंग्रहातील एक शाखा. ही शाखा प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. तिथे असे संच दरवर्षी लाखोंच्या संख्येने विकले गेले. बहुतेक ग्राहकांनी ते न उघडता, न तपासता ठेवून दिले, म्हणून दशके उलटल्यावरही त्यांतून नवे शोध लागतात.

नाण्यातील ‘प्रभेद’ हा ठशातच असतो, त्यामुळे त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो उमटतो. चकती सरकून तिरपे पाडले गेलेले नाणे ही एकाच नाण्यापुरती घडलेली ‘त्रुटी’ होय. काही नाणी तर केवळ संचांतच मिळतात : १९७३ चे फिलाडेल्फिया व डेन्व्हर येथील आयझेनहॉवर डॉलर किंवा १९८७ चे हाफ डॉलर चलनासाठी न पाडता संचांसाठीच पाडले गेले. असे नाणे दुर्मिळ असले, तरी ते प्रभेद ठरत नाही.

संचांचे प्रकार : अमेरिकी टाकसाळीने चलनी प्रतीच्या, पण न वापरलेल्या नाण्यांचे संच १९४७ पासून विकायला सुरुवात केली. १९५८ पर्यंतच्या संचांत प्रत्येक नाण्याच्या दोन प्रती पुठ्ठ्याच्या पाकिटात बसवलेल्या असत. पुठ्ठ्यातील रसायनांमुळे या नाण्यांवर अनेकदा निळसर-तपकिरी छटा चढते. १९५९ पासून पारदर्शक प्लास्टिकची सीलबंद पाकिटे आली. १९५०, १९८२ व १९८३ या वर्षी असे संच निघाले नाहीत. १९६५ ते १९६७ या नाणेटंचाईच्या काळात नेहमीच्या संचांऐवजी ‘विशेष टाकसाळ-संच’ काढले गेले. त्यांतील नाण्यांवर टाकसाळचिन्ह (नाणे कोणत्या टाकसाळीत पाडले ते दाखवणारी खूण) नसे.

याखेरीज ‘प्रूफ’ संच असतात. त्यांतील नाणी चकचकीत केलेल्या ठशांनी, तशाच चकत्यांवर, एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडतात. १९६८ पासून हे काम सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले आणि नाण्यांवर ‘एस’ हे चिन्ह येऊ लागले. संग्राहक दोन्ही प्रकारचे संच तपासतात.

प्रभेद कसे निर्माण होतात : उठावाच्या मातृठशाने मऊ केलेल्या पोलादावर दाब देऊन कामाचा ठसा तयार करीत. एका दाबात पूर्ण नक्षी उतरत नसे. म्हणून ठसा तापवून पुन्हा मऊ करीत आणि दुसऱ्यांदा दाबत. दुसऱ्या वेळी तो किंचित वळला, तर अक्षरे दुहेरी उमटत. यास दुहेरी ठसा म्हणतात.

टाकसाळचिन्ह मात्र प्रत्येक ठशावर हाताने ठोकले जाई. चिन्ह दोनदा ठोकले की एकावर एक उमटे. ठोकायचे राहून गेले, की चिन्हाविना नाणी पडत. चिन्ह ठोकण्याचा पंच झिजला की बदलला जाई आणि त्याच वर्षी चिन्हाचे दोन आकार दिसत. ठसा जास्त घासला गेला, तर नक्षीचा एखादा बारीक भाग नाहीसा होई. वर्षाच्या अंकांची रचना मधेच बदलली, तर एकाच वर्षाची दोन रूपे तयार होत.

महत्त्वाचे प्रभेद : चिन्ह राहून गेलेली नाणी सर्वांत प्रसिद्ध आहेत. १९६८, १९७०, १९७५ व १९८३ च्या प्रूफ डाइमवर (दहा सेंटचे नाणे), १९७१ च्या निकेलवर (पाच सेंटचे नाणे) आणि १९९० च्या सेंटवर ‘एस’ नसल्याचे आढळले. १९७५ चे प्रूफ संच सुमारे २८ लाख विकले गेले, पण चिन्हाविना डाइम केवळ दोन ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२४ मध्ये लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला.

१९७० च्या साध्या व प्रूफ संचांतील सॅन फ्रान्सिस्कोचा सेंट ‘मोठा वर्षांक’ व ‘लहान वर्षांक’ अशा दोन रूपांत आढळतो. लहान वर्षांकात ७ चा माथा ९ व ० यांच्या माथ्याशी समपातळीत असतो; मोठ्यात तो खाली उतरलेला दिसतो. लहान वर्षांकाचे नाणे दुर्मिळ आहे. १९६० च्या सेंटवरही असे दोन वर्षांक आहेत. तिथे लहान शून्याच्या आतला भाग ठशातून तुटण्याची भीती वाटल्याने अंक मोठे केले गेले.

१९६४ च्या प्रूफ केनेडी हाफ डॉलरच्या आरंभीच्या प्रतींवर कानावरचे केस जास्त ठळक रेषांनी दाखवले आहेत आणि ‘लिबर्टी’ या शब्दातील उभ्या ‘आय’च्या पायाचे डावे टोक नाही. १९६६ च्या विशेष संचांतील काही हाफ डॉलरवर मागील बाजूचे रेखाटनकार फ्रँक गॅस्पॅरो यांची आद्याक्षरे ठसा जास्त घासला गेल्याने गायब झाली आहेत. १९६१ च्या प्रूफ फ्रँकलिन हाफ डॉलरच्या मागील बाजूचे लॅटिन ब्रीदवाक्य ठळक दुहेरी उमटल्याचेही आढळते.

१९७९ च्या प्रूफ संचातील ‘एस’ आधी भरलेल्या गोळ्यासारखा आणि नंतर स्पष्ट आकाराचा आहे. स्पष्ट रूप कमी मिळते, म्हणून संचातील सहाही नाणी त्याच रूपाची असली तरच तो पूर्ण ‘दुसऱ्या प्रकारचा’ संच मानतात. १९८१ मध्येही दोन रूपे आहेत.

तपासण्याची पद्धत : दहापट मोठे दाखवणारे भिंग व एका बाजूने पडणारा प्रकाश एवढे साहित्य पुरते. आधी टाकसाळचिन्ह, मग वर्षांक, त्यानंतर ब्रीदवाक्ये व आद्याक्षरे या क्रमाने पाहतात. संच न उघडता प्लास्टिकमधूनच पाहणे उत्तम. उघडावाच लागला, तर नाण्याला कात्री लागू न देता कड कापतात. नाणे घासले वा पुसले तर त्याची किंमत घटते.

खरी कसोटी दुहेरी ठशाच्या बाबतीत लागते. त्यात दुसरी रेषा गोलसर, उठावदार असते आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत खाच दिसते. याउलट नाणे पाडताना यंत्रात ठसा हलल्याने दिसणारे दुपदरीपण सपाट, पायरीसारखे असते आणि अक्षराची मूळ जाडी त्यात घटते. ते वरचेवर दिसते व त्याला सहसा किंमत नसते. नवखे संग्राहक बहुधा यातच चुकतात. बिल फिवाझ व जे. टी. स्टँटन यांच्या ‘चेरीपिकर्स गाइड’ने प्रभेदांना क्रमांक दिले असून तेच व्यवहारात वापरले जातात.

काळाची मर्यादा : १९८५ पासून प्रूफ नाण्यांचे आणि १९९०–९१ मध्ये चलनी नाण्यांचे टाकसाळचिन्ह मूळ नमुन्यातच कोरले जाऊ लागले. त्यामुळे ते हाताने ठोकताना होणाऱ्या चुकांना वाव उरला नाही. १९९० चा चिन्हहीन सेंट चलनासाठीचा ठसा प्रूफ कामात वापरला गेल्याने आला. पुढे एकाच दाबात ठसा उतरवण्याची पद्धत आली, तरी दुहेरी ठसे पूर्ण थांबले नाहीत. चलनी व प्रूफ नाण्यांच्या ठशांची अदलाबदलही झाली. उदा., १९९८ व १९९९ च्या काही प्रूफ सेंटवर ‘अमेरिका’ शब्दातील पहिली दोन अक्षरे एकमेकांना जवळजवळ चिकटलेली आहेत. तरीही शोधाचा भर १९६० ते १९९० या तीस वर्षांवरच आहे, कारण ठसे घडवण्यात माणसाच्या हाताचा वाटा मोठा असण्याचा आणि संच लाखोंनी विकले जाण्याचा काळ तोच होता.

भारतातील स्थिती : भारतात मुंबई व कोलकाता टाकसाळींतून संग्राहकांसाठी संच निघतात. इथले संग्राहक मात्र प्रभेद मुख्यतः चलनातील नाण्यांत शोधतात. त्यासाठी वर्षांकाखालील टाकसाळचिन्ह पाहतात : मुंबईचा चौकट-आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसते, त्यामुळे चिन्ह नसलेले नाणे इथे दुर्मिळ मानले जात नाही.