तुओल स्लेंग : शाळेचा तुरुंग

ज्यांच्या घरात शिक्षण पहिल्यांदा आले त्यांच्या लेखी शाळा म्हणजे मुक्तीचे दार. ही आपली श्रद्धा आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथील तुओल स्लेंग ही जुनी शाळा या श्रद्धेला एक प्रश्न विचारते. तो आपण शिक्षकांनी तरी टाळता कामा नये.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नॉम पेन्ह जिंकले. काही दिवसांतच सुमारे २० लाख माणसांना शहराबाहेर हाकलण्यात आले. इस्पितळातले रोगीही सुटले नाहीत. पैसा, बाजार, शाळा बंद झाल्या. विहार ओस पडले, भिक्खूंची चीवरे उतरवण्यात आली. शहरातून हाकललेले ते 'नवे लोक' आणि खेड्यांतले 'मूळ लोक' अशी माणसांची वाटणी झाली. समतेची घोषणा करणाऱ्या राजवटीत माणसाचे मोल पुन्हा त्याच्या मुळावरून ठरू लागले. अशी उतरंड काय करते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. जानेवारी १९७९ मध्ये ही राजवट कोसळली. तोवर उपासमार, रोग, वेठीचे श्रम आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसे मेली होती.

या काळात तुओल स्लेंगच्या शाळेचा एस-२१ नावाचा तुरुंग झाला. आज तेथे संग्रहालय आहे. वर्गांत भिंती घालून केलेल्या अरुंद कोठड्या मी पाहिल्या. व्हरांड्याला काटेरी तारा आहेत. कैद्याने उडी मारून मरू नये म्हणून लावलेल्या. मरणही त्याच्या हाती ठेवलेले नव्हते! १२ हजारांहून अधिक माणसे येथे आणली गेली. त्यांतली बरीचशी पक्षाचीच माणसे होती. बहुतेकांचा फोटो काढला, यातना देऊन कबुलीजबाब लिहून घेतला, तो फाईलला लावला, आणि मग ठार केले.

हा कारभार कोणी चालवला? तुरुंगाचा प्रमुख डुच हा गणिताचा शिक्षक होता. त्याच्या वरचा सोन सेन शिक्षक होता. खुद्द पोल पॉटने नॉम पेन्हच्या शाळेत शिकवले होते. अडाण्यांचा हा अत्याचार नव्हता. नेमकी नोंद, सुवाच्य अक्षर, शिस्त हे शाळेतले गुणच तेथे कामाला जुंपले होते. बाबासाहेब विद्येबरोबर शील आणि करुणेचा आग्रह का धरीत, ते या कोठड्यांपुढे कळते.

डुचला २०१० साली ३५ वर्षांची आणि २०१२ साली अपिलात जन्मठेपेची शिक्षा झाली. २०२० साली तो मेला. या राजवटीवर कंबोडियन लेखकाने लिहिलेले पहिले शालेय पुस्तक २००७ साली निघाले. म्हणजे वर्गापर्यंत हा इतिहास पोचायला २८ वर्षे लागली. आपल्या वर्गांत कोणता इतिहास अजून पोचलेला नाही, याचा हिशेब आपणही मांडला पाहिजे.