रोमच्या राण्यांची नाणी

पुतळ्यांची माळ गळ्यात घालताना त्या पुतळ्यांवर काय कोरले आहे, हे आपण भगिनी क्वचितच निरखून पाहतो. मीही पाहत नसे. पण एका ग्रंथात रोमच्या जुन्या नाण्यांची छायाचित्रे पाहण्यात आली आणि ती सवय लागली.

रोमचे चांदीचे नाणे म्हणजे देनारियस. वजन अवघे तीन-साडेतीन ग्रॅम. राणीच्या नाण्यावर एका बाजूस तिचा मुखवटा, तर दुसऱ्या बाजूस बहुधा एखादी देवता असे. कधी विवाहाची जूनो, कधी चुलीच्या अग्नीची व्हेस्टा, तर कधी सुफलता किंवा शालीनता हा गुणच स्त्रीरूपाने उभा. वर्तमानपत्रे नसलेल्या त्या काळी राजघराण्याची कीर्ती अशी बाजारोबाजारी पोचे.

सम्राट मार्कस ऑरेलियसची राणी धाकटी फाउस्टिना हिच्या एका नाण्यावर सुफलता देवी दोन मुले कडेवर व दोन पायाशी घेऊन उभी आहे. इ. स. 161 मध्ये राणीला जुळे मुलगे झाले, तेव्हा आसनावर दोन बाळे आणि भोवती ‘युगाचे भाग्य’ अशी अक्षरे असलेले नाणे निघाले. त्यांतले एक बाळ चार वर्षांचे होऊन गेले. तिला किमान बारा मुले झाली. कितीतरी लहानपणीच दगावली. नाण्यावर मात्र भरलेले घर तेवढे दिसते.

ज्युलिया डोम्ना ही सेप्टिमियस सेव्हेरसची राणी, सिरियातील एमेसाची. पती 211 मध्ये वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस थोरला मुलगा कॅराकॅला याने धाकट्या गेटाला आईच्या कुशीतच मारविले. तिला रडण्याचीही मुभा नव्हती, असे त्या काळचा इतिहासकार कॅशियस डिओ सांगतो. आणि पुढील नाण्यांवर तिची बिरुदे कोणती? ‘पुण्यशील, भाग्यवती’!

मग ही नाणी खोटीच म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. थोरली फाउस्टिना 140 मध्ये वारली, तेव्हा तिचा पती सम्राट अँटोनायनस पायस याने तिच्या नावे गरीब मुलींच्या पोषणाची सोय केली. ‘फाउस्टिनेच्या मुली’ अशी अक्षरे असलेले चांदीचे नाणेही पाडले. स्तुतीची अक्षरे कोणीही कोरून घेईल. पण त्या मुलींच्या मुखी पडलेला घास खरा होता. मंडळाच्या वर्धापनदिनी मला म्हणूनच या एका नाण्याची आठवण झाली.