फावडं हातात घेणाऱ्यांचा इतिहास कसा लिहायचा?



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, आणि विषय घ्यायचाय ‘जागतिक शांतता’ किंवा ‘शाश्वत विकास’. असा विचार करणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. अशा वेळी आपण कुठून सुरुवात करतो? राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रं, करार, ठराव, शिखर परिषदा. यात चूक काही नाही. या संस्थांची कागदपत्रं भरपूर आहेत, छापलेली आहेत आणि सहज मिळतात. पण कागद जिथे जास्त, तिथेच इतिहास घडला असं आपण नकळत धरून चालतो. ज्यांनी परिषदेत भाषण केलं नाही, फक्त दगड उचलले, त्यांचं काय? आणि त्यांच्यावर लिहायचं ठरवलंच, तर यश-अपयश कशाने मोजायचं?

आज एकच उदाहरण घेऊन हे पाहू या. संघटनेचं नाव सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. तिची कथा फ्रान्समध्ये सुरू होते, पण बिहारमार्गे ती आपल्या वरोऱ्यापर्यंत येते.

व्हर्दनजवळचं एक गाव

प्येर सेरेझोल हे स्वित्झर्लंडचे इंजिनियर, जन्म १८७९ चा. त्यांचे वडील १८७३ मध्ये स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे माणूस चांगल्याच वजनदार घरातला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करी कर भरायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला. युद्ध संपल्यावर नेदरलँड्समधल्या बिल्टहोवन गावी युद्धविरोधी ख्रिस्ती मंडळी जमली. १९२० च्या बैठकीत चर्चा लांबत चालली होती. तेव्हा एका जर्मन प्रतिनिधीने सुचवलं की आमच्या सैन्याने उद्ध्वस्त केलेला भाग आम्हीच जाऊन उभारायला मदत करू. संघटनेच्या इतिहासात हा प्रसंग जन्मकथा म्हणून सांगितला जातो.

१९२० च्या नोव्हेंबरात काही मोजके स्वयंसेवक व्हर्दनजवळच्या एका गावी पोहोचले. गावाचं नाव एन. (स्पेलिंगमध्ये ‘एस’ येतो, म्हणून काही ठिकाणी ‘एस्नेस’ असंही वाचाल.) १९१६ च्या लढाईत व्हर्दनच्या परिसरात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली होती. घरं पडलेली, शेतात खड्डे, जमिनीत न फुटलेले तोफगोळे. या लोकांनी राहण्यासाठी लाकडी बराकी उभ्या केल्या, रस्ते दुरुस्त केले, शेतं साफ केली. स्वयंसेवकांमध्ये जर्मनही होते. चार वर्षांपूर्वीचा शत्रू त्याच मातीत फावडं चालवत होता.

काम साधारण पाच महिने चाललं. मग सरकारी पातळीवरून दबाव आला की जर्मनांना बाहेर काढा. त्यांना काढून बाकीच्यांनी काम चालू ठेवणं शक्य होतं. त्याऐवजी सगळ्यांनीच १९२१ च्या वसंतात गाव सोडलं.

आता सांगा, हे यश की अपयश? किती घरं बांधली एवढंच मोजलं तर अपयश. युद्ध थांबलं का असं विचारलं तर त्याहून मोठं अपयश, कारण १९४० मध्ये तोच देश पुन्हा रणभूमी झाला. पण प्रश्न थोडा बदलून पाहा: कोणाला कोणाबरोबर काम करता आलं, ते कोणी थांबवलं, आणि कशासाठी? हे विचारल्यावर एन गावाचे पाच महिने एकदम बोलके होतात. १९२१ मध्ये फ्रान्समध्ये जर्मनीकडून युद्धभरपाई वसूल करण्याचा मुद्दा तापलेला होता. अशा वातावरणात फुकट राबणारा जर्मन ही अडचणीची गोष्ट होती. परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार कितीही वाचला, तरी समेट एका गावात नेमका कुठे अडतो हे असं दिसत नाही.

भाऊ कर्नल, आणि सत्तर वर्षांचा कायदा

१९२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्मों खोऱ्यात हिमकडा कोसळल्यानंतर सेरेझोल यांनी पुन्हा शिबिर भरवलं. गंमत बघा, या कामात त्यांना मदत करणारे त्यांचे सख्खे भाऊ अर्नेस्ट स्विस सैन्यात कर्नल होते. ‘शांततावादी विरुद्ध लष्करवादी’ असे दोन सरळ कप्पे करून प्रकरणं पाडायचा मोह होतो ना, तो अशा ठिकाणी आवरावा लागतो.

१९२७ मध्ये ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाची शेती गोटे आणि गाळाखाली गेली. पुढच्या वर्षी वीसहून अधिक देशांतले सातशेच्या वर स्वयंसेवक तिथे आले आणि त्यांनी जमीन मोकळी केली. ‘शाश्वत’ हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण पुन्हा पिकेल अशी जमीन मागे ठेवून जाणं हेच तर काम होतं.

यामागे एक राजकीय मागणीही होती. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून जो बंदूक उचलणार नाही, त्याला तुरुंगाऐवजी नागरी सेवेचा कायदेशीर पर्याय द्या. स्वित्झर्लंडमध्ये हा पर्याय लागू कधी झाला? १९९६ मध्ये! सेरेझोल १९४५ मध्येच वारले होते. तुमच्या अभ्यासाचा कालखंड ‘१९२०-१९४५’ ठेवलात तर ही चळवळ हरलेली दिसेल, ‘१९२०-१९९६’ ठेवलात तर निष्कर्ष वेगळा येईल. कालखंड ठरवणं ही सिनॉप्सिसमधली नुसती औपचारिकता नसते, ती अशी.

बिहार: पद्धत प्रवास करते तेव्हा

१९३१ च्या डिसेंबरमध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले होते. तिथे सेरेझोल त्यांना भेटले. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळमध्ये भीषण भूकंप झाला आणि सेरेझोल मदतीसाठी भारतात आले. १९३७ पर्यंत ते पुन्हा पुन्हा येत राहिले. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. भूकंपानंतर पुराचा धोका वाढलेल्या मुझफ्फरपूर भागात गावं उंच जागी हलवून नव्याने बांधायची होती.

पण इथे युरोपचं गणित जसंच्या तसं बसत नव्हतं. युरोपात शिक्षक, विद्यार्थी, कारकून सुट्टीत येऊन फावडं मारायचे आणि त्यातच संदेश होता. बिहारच्या शेतमजुराला अंगमेहनतीचं कसलं आलंय अप्रूप? तो रोजच राबत होता. युरोपीय स्वयंसेवक बोटांवर मोजण्याइतके. बांधकामाचा मोठा भार मजुरी घेणाऱ्या गावकऱ्यांवर, आणि स्वयंसेवकांकडे बरंचसं नियोजन व देखरेख. शिवाय एकीकडे ब्रिटिश सरकार, दुसरीकडे काँग्रेसची मंडळी, दोघांशी जुळवून घ्यायचं. समतेची भाषा बोलणारी संघटना वसाहतीत आली की तिथला गोरा माणूस आपोआप मुकादमाच्या जागी जाऊन उभा राहतो, हा ताण या प्रकरणात स्पष्ट दिसतो. तो लपवलात तर तुमचा प्रबंध गौरवग्रंथ होईल. तेवढ्यावरून सगळंच निकालात काढलंत, तर उंचावर नवं घर मिळालेला माणूस तुमच्या पानातून गायब होईल.

वरोऱ्यात

१९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई आमटे यांनी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. खडकाळ माळरान, हातात जेमतेम पैसे, सोबत कुष्ठरोगी. विहीर खणली ती त्यांनीच, शेत केलं तेही त्यांनीच. गावात मात्र भीती इतकी, की तिथली वस्तू विकत घ्यायलाही लोक धजत नसत. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच संघटनेचे वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक तिथे येऊन राहिले आणि त्यांनी दवाखान्याच्या इमारतींचं काम केलं. बाबांच्या चरित्रांत हे एक वळण म्हणून येतं: परदेशी तरुण कुष्ठरोग्यांसोबत राहतात, राबतात हे पाहून वरोऱ्यातल्या लोकांची भीड हळूहळू चेपली.

वाचून छान वाटतं. पण संशोधक म्हणून इथे थांबू नका. कुष्ठरोगी आधीपासून विहिरी खणत होते, ते श्रम गावाला का दिसले नाहीत? पाहुण्यांचे हात लागल्यावरच ते काम ‘काम’ कसं ठरलं? व्हर्दनला प्रश्न राष्ट्राचा होता, बिहारमध्ये सत्तेचा, वरोऱ्यात रोगाच्या कलंकाचा. तिन्ही ठिकाणी फावडं तेच आहे, पण ते कोणाच्या हातात आहे त्यावर पाहणाऱ्याचं मत ठरतं. माझ्या मते या संघटनेच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

म्हणून तळागाळातल्या कुठल्याही प्रयत्नावर लिहिणार असाल, मग ती सोमनाथची श्रमसंस्कार छावणी असो की तुमच्या तालुक्यातलं तळं उपसणारा गट, तीन गोष्टी आधी ठरवा.

एक, मोजमाप. ‘जग बदललं का?’ हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. त्या जागी, त्या माणसांमध्ये काय शक्य झालं आणि काय अडवलं गेलं, ते विचारा.

दोन, साधनं. सर्व्हिस सिव्हिलचं आंतरराष्ट्रीय दफ्तर स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ शहरात जपलेलं आहे. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. हजेरीपट, किराण्याचा हिशेब, शिबिराचे फोटो, ग्रामपंचायतीचे ठराव, कार्यकर्त्यांच्या आठवणी, हे सगळं साधन आहे. आनंदवनासाठी साधनाताईंचं ‘समिधा’ घरातल्या बाजूने बोलतं, म्हणून ते वेगळं वाचा.

तीन, कोण दिसत नाही. सुरुवातीच्या युरोपीय शिबिरांत स्त्रियांना ‘भगिनी’ म्हणत आणि त्यांच्याकडे मुख्यतः स्वयंपाक, धुणं, शिवणकाम असे. फोटोत फावडं दिसतं, पातेलं दिसत नाही. आणि याच संघटनेची पहिली आंतरराष्ट्रीय अध्यक्ष एक शिक्षिका होती, एलेन मोनास्तिए. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

गाईडने विचारलं की ‘एवढ्याशा गटावर पीएचडी कशाला?’, तर त्यांना एन गाव सांगा. मोठ्या करारांचा इतिहास वाचताना समेट कोणी केला ते कळतं. समेटाला हात लावायची परवानगी कोणाला नव्हती, हे कळायला अशा गावांत उतरावं लागतं.

तुमच्या डोक्यात असं एखादं गाव, एखादा गट असेल तर आजच वहीत त्याचं नाव, वर्ष आणि त्याला ओळखणाऱ्या सगळ्यात वयस्कर माणसाचा पत्ता लिहून ठेवा. दफ्तर वाट बघेल, माणसं बघत नाहीत.