कापसाच्या वाटेवरच्या दोन चिलखती नौका

वऱ्हाडातल्या घाटंजीहून समुद्र फार लांब. तरीही इथल्या काळ्या रानातला कापूस आणि मुंबई बंदरात तीस वर्षं पहारा देणाऱ्या ‘मॅग्डाला’ व ‘अ‍ॅबिसिनिया’ या दोन चिलखती युद्धनौका यांचं नशीब एकाच घटनेने घडवलं: अमेरिकेतल्या यादवी युद्धाने.

१८६१ साली ते युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी रुई मिळेनाशी झाली. गिऱ्हाईक हिंदुस्थानाकडे वळलं आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध थांबताच भाव कोसळले, पण वऱ्हाड जगाच्या बाजाराला बांधलं गेलं ते कायमचं. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि रुईच्या गाठींना मुंबईची वाट मोकळी झाली.

त्याच युद्धात, ९ मार्च १८६२ रोजी, हॅम्प्टन रोड्सला दोन चिलखती नौका भिडल्या. जॉन एरिक्सनने रचलेली ‘मॉनिटर’ त्यांतली एक. तिचं डेक पाण्याला जवळजवळ टेकलेलं, वर एक फिरता बुरूज, त्यात दोन तोफा. एवढ्याशा जहाजावर नेम धरणार कुठे? मात्र वर्ष संपायच्या आतच भर समुद्रातल्या वादळात ती बुडाली.

पाण्यालगत तोफा नेणाऱ्या जहाजाची ही कल्पना कोकण किनाऱ्याने फार आधी पाहिली होती. १७२० साली कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना आणला होता. त्याच्या तोफांची तोंडं इतकी खाली होती की तो काहीच कामाचा ठरला नाही. उथळ पाण्यात जड तोफा नेणारं जहाज हवं, पण त्याचं डेक कोरडं राहावं, हा पेच तेव्हापासूनचा.

तो सोडवला ब्रिटिश आरमाराचे मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड यांनी. जहाजाची बाजू त्यांनी बुटकीच ठेवली. मधल्या भागाभोवती मात्र जाड लोखंडी पत्र्यांची उंच तटबंदी उभारली. तिच्या दोन टोकांना एकेक फिरता बुरूज बसवला. धुराडं आणि खाली उतरायच्या वाटाही तटबंदीतच घेतल्या, म्हणजे लाट डेकवरून गेली तरी पाणी आत शिरू नये. साधा उपाय, पण मला तो फार मोठा वाटतो, कारण शिडाच्या डोलकाठ्यांशिवाय चालणाऱ्या पुढच्या युद्धनौकांचा रस्ता इथूनच निघाला.

या घराण्यातली ‘सर्बेरस’ मेलबर्नला गेली. १९२६ साली ती तिथेच लाटा अडवायला किनाऱ्यालगत बुडवली, आणि तिचा सांगाडा अजून दिसतो. तिच्या मुंबईच्या दोन्ही बहिणी १८७० साली लंडनमध्ये पाण्यात उतरल्या. त्यांची नावं १८६८च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेवरून पडली. मुंबई फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी मुंबईहून फौज नेऊन तिथला मग्दलाचा, म्हणजेच ‘मॅग्डाला’चा, गड घेतला होता.

‘मॅग्डाला’ सुमारे ३,३०० टनांची, ‘अ‍ॅबिसिनिया’ २,९०० टनांची. प्रत्येकीवर चार दहा इंची तोफा, एकेक तोफ १८ टनांची. गोळा तोंडाकडूनच भरायचा, आणि त्याचं वजन तब्बल १८० किलो. अशा बुटक्या जहाजाने इंग्लंडहून मुंबई गाठणं हेच धाडस होतं. ‘मॅग्डाला’ला प्रवासापुरत्या तीन डोलकाठ्या लावल्या, शिडं चढवली, आणि ती सुखरूप पोचली.

१८६९ साली सुएझ कालवा उघडल्यावर युरोपातल्या शत्रूला मुंबई जवळ आली होती. त्यामुळे बंदराला ही राखण खरोखरच हवी होती. दोघींनी लढाई एकही पाहिली नाही, तरी त्यांचं काम मला व्यर्थ वाटत नाही. वऱ्हाडची रुई भरलेली जहाजं त्यांच्यादेखत बंदराबाहेर पडत होती. १८९२च्या सुमारास त्यांच्यावर आठ इंची नव्या तोफा चढल्या, पण तोवर वेगवान पोलादी जहाजांचा जमाना आला होता. १९०३च्या सुमारास दोन्ही नौका मोडीत निघाल्या.